सात फुटी यंत्र, नऊ फुटी दार

आमच्या शाहूपुरीतल्या गोदामाचं दार बाजूला उघडायचं नाही, वर जायचं. असं सांगितलं की लोक म्हणतात, म्हणजे शटर. शटर नव्हे. शटर गुंडाळलं जातं. आमचं दार चार लांब पत्र्यांचं होतं, पत्रे एकमेकांना बिजागऱ्यांनी जोडलेले. दोन्ही कडांना छोटी लोखंडी चाकं होती, ती चॅनेलच्या खाचेतून वर चढायची आणि वळून छपराखाली आडवी जायची. गल्ली इतकी अरुंद की झडपांचं दार लावलं असतं तर ते समोरच्यांच्या उंबऱ्यावर आपटलं असतं, आणि शटरचा आबांना राग होता. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. माझ्या वडिलांचे बरेच राग असे बिनकारणाचे होते आणि ते त्यांनी जन्मभर नीट सांभाळले.

आबा गुळाचे व्यापारी. कोडोलीकडच्या गुऱ्हाळांवरून गुळाचे रवे, म्हणजे ढेपा आणायचे, गोदामात उतरवायचे आणि भाव बघून बाजारात न्यायचे. हे दार त्यांनी स्वतःच्या डोक्यातून काढलं आणि शेजारच्या लेथवाल्या काकांकडून करून घेतलं. काका सीमेकडचे, घरात कानडी बोलायचे आणि मी शाळेत होते तेव्हापासून मला 'अक्का' म्हणायचे. दार हलकं जावं म्हणून दोन्ही बाजूंना साखळीला जुन्या तराजूची वजनं टांगली होती. त्यामुळे एका हातानं दार वर जायचं, आणि नवीन माणूस आला की आबा ते मुद्दाम एका हातानं उघडून दाखवायचे.

त्यांची आणखी एक सवय सांगून ठेवते. त्यांच्या खिशात कायम सुताराची लाल-निळी पेन्सिल असायची आणि ते दिसेल त्या वस्तूवर लिहायचे. लाल टोकानं माप, निळ्या टोकानं हुकूम. फळीवर '४ फूट ३ इंच'. डब्यावर 'हात लावू नये'. खोक्यावर 'उंदीर. वर ठेवणे'. आई म्हणायची, मी एका जागी फार वेळ बसले तर माझ्यावर पण लिहितील.

माझा थोरला भाऊ इंजिनिअर होऊन नव्वदीच्या सुरुवातीला अमेरिकेला गेला. त्याच्या पहिल्या पत्रांपैकी एकात होतं, 'आबा, इथं घरोघरी आपल्या दारासारखंच दार आहे. तसंच चाकांवर वर जातं. फक्त बटण दाबलं की जातं.' ते पत्र आबांनी खिशात घालून महिनाभर बाजारात फिरवलं. "अमेरिकेनं माझं दार चोरलंय," असं ते ज्याला त्याला सांगायचे, आणि ऐकणाराही मान हलवायचा, कारण आमच्याकडं एवढ्या जोरात बोलणाऱ्याला कुणी खोटं म्हणत नाही.

दोन वर्षांनी दादा सुट्टीला आला. सगळ्यांना काही ना काही आणलं होतं. आबांसाठी बूट. तपकिरी, चामड्याचे, देखणे. घर पाहुण्यांनी भरलेलं. आबांनी पाय घातला, तो टाचेशी अडला. आठ नंबरचे होते. आबांचा पाय नऊचा.

"तिकडं जाऊन बापाचं माप इसरलास व्हय रं?" आबा म्हणाले आणि मोठ्यानं हसले. पाहुणेही हसले.

आमच्याकडं हे प्रेमाचं बोलणं. ज्याच्यावर जीव असतो त्यालाच असं चारचौघांत टोचतात, परक्याला नाही. पण दोन वर्षांत दादाच्या कानाची सवय मोडली असावी. तो हसला नाही. जाताना बूट तसेच कोनाड्यात राहिले आणि पुढं चार वर्षं तो आला नाही. फोन यायचा, दोन मिनिटांचा. तब्येत कशी, बरी. पाऊस कसा, बरा. आबा रिसीव्हर आईकडं द्यायचे आणि बुटांच्या कोनाड्याकडं बघत बसायचे. ते तोंडानं कधी म्हणाले नाहीत, पण त्या एका वाक्याचा पश्चात्ताप मी त्यांच्या तोंडावर रोज पाहत होते. मला त्यांची दया यायची, आणि दादाचा रागही. एवढ्याशा बोलण्यानं कुणी घर सोडतं का?

दरम्यान आबांनी टेम्पो घेतला. पहिल्या दिवशी तो कोडोलीहून गुळानं भरूनच आला. आबांनी त्याला दाराशी थांबवलं, टेप लावून माप घेतलं. दार सात फुटांचं, टेम्पो केबिनवरच्या जाळीसकट त्याहून दोन इंच कमी. आबांनी भिंतीवर लाल टोकानं लिहिलं, 'टेम्पो. बसतो.' आणि तो आत गेला. दुपारपर्यंत सगळे रवे उतरवले. संध्याकाळी बाहेर काढायला गेले तर जाळी वरच्या तुळईला धाडकन लागली. ओझं उतरल्यावर खालचे स्प्रिंगचे पाटे मोकळे झाले होते आणि टेम्पो चांगला चार इंच वर उचलला होता.

ही चूक गुळाच्या व्यापाऱ्यालाच करता येते. त्याच्या डोळ्यांसमोर टेम्पो कायम भरलेलाच असतो.

आत गेलेलं जनावर बाहेर येईना म्हटल्यावर गल्ली जमली. कुणी म्हणालं, गूळ परत चढवा. आबा म्हणाले, "उतारल्याला माल फिरून चढवायचा न्हाय. शकुन न्हवं." मग त्यांनी माणसं चढवली. गल्लीतले गडी, त्यांच्या बायका, आई, मी, आणि एक बिचारा गडमुडशिंगीचा माणूस, जो फक्त पत्ता विचारायला थांबला होता. "बसा की पावणं, सोडतो तुमाला तितं," म्हणून आबांनी त्याला हाताला धरून वर घेतलं. आम्ही पंचवीसेक जण मांडी घालून बसलो, टेम्पो दबला आणि इंच-इंच करत बाहेर आला. पाहुण्याला खरोखर पत्त्यावर सोडलं. आम्हीही सगळे बरोबर गेलो, कारण उतरायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

पुढच्याच आठवड्यात आबांनी तुळई काढून दोन फूट वर बसवली. चार इंचाच्या चुकीला दोन फुटांचा इलाज, ही त्यांची नेहमीची पद्धत. दाराला पाचवा पत्रा जोडला, वजनं वाढवली, दार नऊ फुटांचं झालं. दादाला हे कुणी कळवलं नाही. दोन मिनिटांच्या फोनवर दार उंच केल्याचं कोण सांगतं?

मग आबांचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी हात खांद्याच्या वर न्यायला मनाई केली. पाच पत्र्यांचं दार डाव्या हातानं सुटेना. मदत मागणं तर त्यांच्या रक्तात नव्हतं. सकाळी ते दारापुढं उभे राहायचे आणि खोकायचे. कुणीतरी ऐकून यायचं, मीच बहुतेक, आणि काही न बोलता दार वर ढकलायचं. खोकला म्हणजे 'उघड' हे गल्लीला पाठ झालं होतं. स्वतः केलेल्या दारापुढं आपला बाप खोकत उभा आहे हे बघून मला गलबलून यायचं. मी दादाला पत्रात खांद्याचं लिहिलं. खोकल्याचंही लिहिलं.

सहा महिन्यांनी दादाच्या ओळखीच्या एका माणसानं मोठं खोकं आणून दिलं. वर छापील चित्र होतं, पांढरं दार, लाल मोटारगाडी आणि बटण दाबून हसणारा गोरा माणूस. आत छपराला टांगायची मोटर, तीन तुकड्यांचा लांब रूळ, चकचकीत चेन आणि दोन रिमोट. रुळावर चेन फिरते, चेन एका सरकत्या ठोकळ्याला ओढते, ठोकळ्याचा दांडा दाराला जोडला की दार वर. सोबत चिठ्ठी. तिकडची वीज कमी दाबाची, म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर लावून घ्या, हे सविस्तर होतं. शेवटी एक ओळ होती. 'आपलं दार सात फुटांचं आहे हे मला पाठ आहे. या वेळी माप चुकलेलं नाही.' आणि त्याखाली, 'दिवाळीला येतोय.'

आबांनी चिठ्ठी दोनदा वाचायला लावली. मग खोक्यावरचं छापील माप मला विचारलं. सात फूट.

आबांनी मान वर करून नऊ फुटी दाराकडं बघितलं. मग आबा म्हणाले, "हे बसल्यालं हाय. ऐकलं का समद्यांनी? त्याला कळाय नगं. ज्यानं सांगितलं त्यानं घरात ऱ्हायाचं न्हाय."

आईनं मान हलवली. मीही हलवली.

दिवाळीला तीन आठवडे होते. लेथवाले काका आले, खोकं उलटंपालटं बघितलं आणि म्हणाले, "मालक, दाराच्या वरचा भाग बंद करून परत सात फूट करूया की. टेम्पो भाईर लावा." काम त्यानं सोपं झालं असतं. पण आबा म्हणाले, पोराची वस्तू दाराला बसली पाहिजे, दार वस्तूला न्हाय. मला त्यात काही तर्क दिसला नाही, काकांना बहुधा दिसला. त्यांनी त्याच संध्याकाळी मोटर उघडली.

रूळ लांबवणं अवघड गेलं नाही. तसाच दोन फुटांचा तुकडा वाकवून जोडला. चेन मात्र चार फूट कमी पडली, कारण ती रुळावरून जाते आणि परतही येते. काकांनी सायकलची चेन लावून पाहिली, ती अरुंद, दात्यांवर बसेना. सगळ्या चेन धुंडाळल्यावर त्यांची नजर माझ्या मोपेडवर गेली. मी तेव्हा नोकरीला लागले होते आणि ती मोपेड माझ्या पगारातली पहिली वस्तू होती. "अक्का, दोन दिस बसनं जा," असं म्हणून त्यांनी तिची चेन काढली. दोन दिवसांचे दोन महिने झाले, ते असो.

ती चेन बसली. ट्रान्सफॉर्मर जोडला. दिवाळीला आठ दिवस असताना आबांनी बटण दाबलं. मोटर घुमली, दार चढू लागलं आणि सात फुटांवर थांबलं. दोन फूट पत्रा वरून लोंबकळत राहिला. परत दाबलं, खाली आलं. परत वर, परत सात फूट. मोटरच्या आत एक आटे पाडलेला दांडा होता. मोटरचे ठरलेले फेरे झाले की त्यावरचा खटका टोकाला जायचा आणि मोटर बंद व्हायची. आटे संपले तिथं दार संपलं. तिकडच्या कारखान्यानं तिच्या पोटातच सात फूट घालून ठेवले होते.

आबा पायरीवर बसले. मी त्यांना हरलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. "ह्यो येणार," ते म्हणाले, "आन् म्या पुन्यांदा त्येच बोल्लो आसं त्याला वाटणार. तोंड मिटून बसलो तरी दार बोलंल." बूट कोनाड्यात होतेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका मुठीत काहीतरी घेऊन आले. मोटरवरच्या दातेरी चक्राला सात दाते होते. त्यांनी लेथवर नऊ दात्यांचं नवं चक्र केलं होतं. "फेरे तेवढेच घे म्हणावं," ते म्हणाले, "फक्त एकेका फेऱ्यात जास्त चेन वड. सात फुटाला सात दात, नऊ फुटाला नऊ." इतकं सोपं होतं की आबांनी त्यांना आधी शिवी दिली आणि मग मिठी मारली.

दार नऊ फूट चढलं. पार छपराखाली जाऊन गप्प झालं.

दोन गोष्टी तरी राहिल्याच. मोपेडची चेन तेलानं काळी, कंपनीची चांदीसारखी. आबांनी काळ्या चेनला चंदेरी रंग दिला, एकेक कडी पुसून, डाव्या हातानं. पण आवाज जाईना. कंपनीची चेन सरसर जायची. माझी मोपेड दात्यांवर आली की खडखड व्हायची. दार निम्म्यावर आलं की खडखडखड, मग पुन्हा सरसर. काका म्हणाले, ते आता ऱ्हानार.

दादा आला. चार वर्षांपूर्वी गेला होता तेव्हापेक्षा जाड झाला होता. खांद्यावर एक लांबट बॅग होती, ती त्यानं कुणाला उचलू दिली नाही. चहासुद्धा व्हायच्या आत आबा त्याला गोदामाशी घेऊन गेले आणि रिमोट त्याच्या हातात दिला. "दाब."

दादानं आधी दाराकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. मी आईकडं बघितलं, आई जमिनीकडं. त्यानं बटण दाबलं. दार चढू लागलं. सरसर, सरसर, आणि निम्म्यावर येताच आबांना असा खोकला आला की ते कमरेत वाकले. खडखड संपली तसा खोकलाही संपला.

दार पूर्ण वर गेलं. दादा बघत राहिला.

"दार उंच केलंय, आबा?"

"केलं. टेम्पोसाठी. तुझ्या मशीनला काय फरक न्हाय. सात काय आन् नऊ काय, कंपनीनं सोयच ठिवल्या त्यात."

"हो," दादा म्हणाला. "असते तशी सोय."

"माप बरोबर धाडलंस," आबा म्हणाले. त्यांच्या आयुष्यात त्यांनी कुणाला दिलेली ही सर्वात मोठी शाबासकी असावी. दादानं बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि गोदामात शिरून उगाच गुळाचा वास घेतला. त्या दिवाळीत तो तीन आठवडे राहिला. पुढं दर दोन वर्षांनी यायला लागला. आबांनी त्यानंतर दारापुढं खोकणं सोडलं. सकाळी शर्टाच्या खिशातून रिमोट काढायचे आणि गल्लीत कुणी बघत असेल तरच दाबायचे. बघायला कुणी नसेल तर थोडं थांबायचे.

आबा गेले त्याला आता काही वर्षं झाली. गुळाचं काम त्यांच्या आधीच थांबलं होतं. गोदाम भाड्यानं द्यायचं ठरलं तेव्हा माळा आवरायला मी चढले. रिकामी पोती, दोन तराजू, तपकिरी बूट कागदात गुंडाळलेले. आणि अगदी मागे भिंतीला टेकवून एक लांबट खोकं, ज्याला तिकडच्या दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली. वर तोच बटण दाबून हसणारा गोरा माणूस. आत रुळाचा एक तुकडा आणि हातभर चेन, प्लास्टिकच्या पिशवीत, कधी न वापरलेली. दार उंच असेल तर लावायचा जोड.

मी खाली येऊन आईला विचारलं.

"म्याच सांगितल्तं त्याला फोनवर," आई म्हणाली. तिला जरासुद्धा अपराधी वाटत नव्हतं. "पोरगं येणार आन् बाप रातध्याड त्या मशीनपाशी बसल्याला. म्हटलं, त्योच काय ते घिऊन यील. आला तर दार वर गेल्यालं. मग त्यानं गपचिप माळ्यावर ठिवलं."

मी खोकं उचलून उजेडात आणलं. तेव्हा झाकणाच्या आतल्या बाजूचं अक्षर दिसलं. लाल टोकानं लिहिलं होतं, '८ फुटी. १ फूट कमी.' आणि खाली निळ्या टोकानं, 'बोलू नये.'

म्हणजे त्यांना ते सापडलं होतं. कधी, कोण जाणे. त्यांनी टेप लावून मापलं होतं, हेही कमीच पडतंय हे त्यांना कळलं होतं, आणि ज्या माणसानं आयुष्यात तोंडात आलेलं वाक्य कधी गिळलं नाही त्यानं हे गिळलं होतं. स्वतःलाच हुकूम लिहून. मी माळ्याच्या शिडीवर बसून खूप रडले. आईनं रडू दिलं.

संध्याकाळी दादाला फोन लावला. तिकडं सकाळ होती. खोकं सापडलं म्हटल्यावर तो म्हणाला, "तिथं आठचाच मिळत होता. वाटलं, एक फूट काका वाढवतील. येऊन बघतो तर..." मी त्याला झाकणावरचं वाचून दाखवलं. पहिला भाग नीट वाचला. दुसरा वाचताना दोनदा अडले.

 

"दार चालतं अजून?" त्यानं विचारलं.

"चालतं."

"उघड की जरा. ऐकू दे."

मी दाराशी गेले, रिमोट दाबला आणि मोबाइल वर धरला. सरसर चढू लागलं. निम्म्यावर आलं आणि माझ्या मोपेडची चेन दात्यांवर आली. खडखडखड.

"हां," दादा म्हणाला. "इथं आबा खोकले होते."